घरातल्या कामातनं पोरांना काय काय शिकवता? वर्कशीट नको झालीत (वय ३ ते ६)

वडगावची_आई

नमस्कार मंडळी, इथं बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय. लांबलचक होईल पण वाचा जरा.

माझा मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे, जूनपासून एलकेजीला जातोय, इंग्लिश मीडियम. घरात आम्ही सगळे मराठी, समोरच्या घरातले कन्नड, मागच्या गल्लीतल्या त्याच्या दोस्ताच्या घरी उर्दू, म्हणजे बेळगावात असतंय तसंच. गेल्या आठवड्यात शाळेतनं बोलावणं आलं. टीचर म्हणाल्या तो वर्गात तोंडच उघडत नाही, काही विचारलं की खाली बघतो, तुम्ही घरात मराठी थोडे दिवस बंद करा नि इंग्लिशच बोला. घरी येऊन मी रडले. मला इंग्लिश वाचता येतंय, पण पोराला कुशीत घेऊन बोलायचं, रागवायचं, गोष्ट सांगायची ते इंग्लिशमधनं कसं करू? आणि सासूबाईंनी काय करायचं, नातवाशी गप्प बसायचं?

मिस्टरांनी खडेबाजारातनं वर्कशीटची तीन पुस्तकं आणली. दोन पानं केली त्यानं, तिसऱ्या पानावर पेन्सिल फेकून दिली.

आता जे सांगायचंय ते. त्याच संध्याकाळी सासूबाई लसूण सोलत बसल्या होत्या, हा जाऊन त्यांच्याजवळ बसला. एकेक पाकळी उचलायलाय नि बोलायलाय, ही आई, ही बाळं, ही आज्जी कारण हिला सुरकुत्या आहेत. मग फरशीच्या रेघेवर सगळ्यात मोठीपासनं बारकीपर्यंत ओळ लावली. एक पाकळी कुठं घालायची कळेना, तर शेजारच्या दोन्हींना लावून बघितली, उचलली, आणि बरोबर मधी बसवली. अर्धा तास तोंडाला खीळ नाही. वर्कशीटच्या तिसऱ्या पानावर हेच होतं, हत्ती लहान-मोठे ओळीनं लावा.

तर मला विचारायचंय, तुम्ही घरात रोजच्या कामात पोरांना घेऊन नक्की काय करता? नेटवरच्या याद्या लई वाचल्या, त्यात ते रंगीत पोम्पॉम नि फेल्ट कापड नि काय काय विकत आणायला सांगतात. मी घरी ब्लाऊज शिवते, मला वेगळा वेळ काढता येत नाही. तुम्ही खरंच जे करता ते सांगा.

खानापूरची_आज्जी

अगं बाळ, पहिलं सांगते, मराठी बंद करू नकोस. बाकीचं नंतर.

आमच्याकडं अजून जुनी मापं आहेत. कोळवं, चिपटं, मापटं, शेर. दोन कोळव्याचं एक चिपटं, दोन चिपट्याचं एक मापटं, दोन मापट्याचा एक शेर, दोन शेराची अदुली आणि दोन अदुलीची पायली. सगळं दुपटीनं चालतंय. आम्ही हे पाठ केलं नाही कधी, मापून मापूनच कळलं. नात पाच वर्षांची आहे, सुट्टीत इथं असते, तांदूळ काढायचे झाले की तिला जवळ घेते. गेल्या खेपेला विचारलं, शेर भरायला चिपटी किती लागतील? ती म्हणाली तीन. मी काही बोलले नाही, म्हटलं भरून बघ. एक, दोन, तीन ओतली, शेर काही भरला नाही, वरनं चार बोटं रिकामा. चौथं ओतल्यावर काठोकाठ भरला. तिचा विश्वासच बसेना. सगळं परत सुपात ओतलं नि पुन्हा पहिल्यापासनं, असं तीन वेळा केलं. तिसऱ्या वेळी ओतायच्या आधीच म्हणाली चार. नंतर आपणच विचारायला लागली, मग पायलीला किती? म्हटलं तूच काढ. ते तिला आलं नाही, येऊ दे सावकाश.

मी तीन ऐकल्यावर लगेच "नाही गं, चार" म्हटलं असतं तर ती हो म्हणून उठून गेली असती.

आणि पावसात आमच्याकडं दुसरं काय करणार, पागोळ्यांखाली भांडी मांडते तिच्याकडनं. तांब्या, पातेलं, परात. कुठलं आधी भरेल? ती परात म्हणते कारण मोठी आहे, पण तांब्याचं तोंड बारीक म्हणून धार बाहेर जाते, तेव्हा दर वेळी वेगळंच काहीतरी होतंय. चिखल तर आहेच. खानापूरची माती कौलांची माती, हातात घेतली की आकार धरते. चूल, बोळकी, बैल, काय वाट्टेल ते. कपडे खराब होतात, होऊ देत.

माग_आमचा

वहिनी, मी पण वडगावचाच, घरात चार माग आहेत. मुलगी साडेतीनची.

आमच्याकडं सगळं रंगाचं काम. माग चालू असताना तिला आत येऊ देत नाही, धोटा कधी उडेल सांगता येत नाही आणि आवाज पण लई, कानाला बरा नाही. पण लाईट गेली की (ते तर रोजचंच आहे) ती येते आणि रिकाम्या कांड्या घेऊन बसते. पहिल्यांदा नुसते रंग वेगळे करायची, लाल एकीकडं हिरवे एकीकडं. मग मी जमिनीवर दोन लाल एक पिवळी, दोन लाल एक पिवळी अशा मांडल्या नि थांबलो. तिनं पुढची लाल ठेवली, अजून एक लाल ठेवली, आणि पिवळी शोधायला उठली. मी काहीच सांगितलं नव्हतं हो. नंतर मी मुद्दाम एक चुकीची ठेवली, मधी तीन लाल, तर हातच धरला माझा.

साडीच्या काठात हेच असतंय ना, काय किती वेळानं परत येतंय ते. माझे वडील पाटी-पेन्सिल न धरता हे शिकले. आता तिला मी उलटं करायला लावतो, तू मांड, मी ओळखतो. तिनं मांडलेलं कधीकधी मला ओळखता येत नाही, मग ती समजावून सांगते, नि समजावून सांगताना काय बोलते म्हणता, तोंडानं पट्टा चालू असतो.

तुम्ही शिवता ना, मग तुमच्याकडं तर खजिनाच आहे. बटणं, चिंध्या, दोऱ्याची रिळं. दोन भोकाची बटणं इकडं, चार भोकाची तिकडं. फक्त तोंडात घालत नाही ना ते बघा.

निवृत्त_गुरुजी

ताई, चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, सीमाभागातल्याच शाळांत. तुमचा धागा वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितो.

घरात दोन-तीन भाषा असल्यानं मूल बोलायला मागं पडतं हा लई जुना गैरसमज आहे. अशा मुलाचे एका भाषेतले शब्द मोजले तर कमी दिसतात, सगळ्या भाषांतले मिळून मोजले तर बरोबर असतात. आणि नव्या भाषेच्या वर्गात गेलेलं मूल पहिले काही महिने गप्प राहणं हे पण नेहमीचं आहे, ते ऐकून साठवत असतं. तुमचा मुलगा घरात लसणीवर अर्धा तास बोलतोय म्हणजे बोलण्याची अडचण नाही. जी मुलं घरात पण बोलत नाहीत, दोन वर्षं झाली तरी दोन शब्द जोडत नाहीत, हाक मारली तर वळत नाहीत, त्यांचे कान आधी तपासून घ्यावेत, ती वेगळी गोष्ट.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पण लिहिलंय की जिथं शक्य आहे तिथं निदान पाचवीपर्यंत घरची भाषा शिकवण्याचं माध्यम असावी. टीचरना हे भांडणासाठी सांगू नका, पण मनात असू द्या.

आता मोजण्याचं. पोरगं एक ते शंभर घडाघडा म्हणतंय म्हणून पालक खूश असतात. त्याच्यासमोर सात शेंगा ठेवा नि मोज म्हणा. बोट एकीकडं नि तोंड एकीकडं, एक शेंग दोनदा मोजली जाते, एक सुटते. आणि मोजून झाल्यावर "किती आहेत?" विचारलं तर परत पहिल्यापासनं मोजायला लागतं, कारण शेवटचा आकडा म्हणजेच एकूण हे अजून कळलेलं नसतं. हे कळणं ही मोठी पायरी आहे, ती शंभरापर्यंत म्हणून येत नाही, पाच-सहा वस्तू हातात धरून येते. पानं वाढताना विचारा, आपण पाच जण, ताटं किती? तीन मांडली, अजून किती हवीत? वाट्या पुरतील काय? घरात रोज दोनदा हा तास होतोच.

आणि आपल्या भागातली एक गंमत सांगतो जी पुण्या-मुंबईच्या पोरांना मिळत नाही. मराठीत एकवीस, बावीस, तेवीस, आधी एकक मग दशक, आणि लिहिताना उलटं, आधी २ मग १. त्यात एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. चार-पाच वर्षांच्या पोराला हे अवघड जातंच. कन्नडमध्ये इप्पत्तु म्हणजे वीस आणि इप्पत्तोंदु म्हणजे सरळ वीस-एक, इप्पत्तोंबत्तु म्हणजे वीस-नऊ. जसं लिहितात तसंच बोलतात. २०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक" आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय काय? त्या वेळी मला वाटलं, आमच्या गल्लीतली पोरं तर हे रोज दोन्हीकडनं ऐकतात. मी वर्गात अडलेल्या पोराला म्हणायचो, कन्नडमधनं सांग. "इप्पत्तैदु." मग लिही. बरोबर २५ लिहायचं. तेच पंचवीस म्हटलं की ५२.

हिंडलगेकर

गुरुजी, तुमचं सगळं पटलं पण शेवटचं तेवढं जड जातंय. पटत नाही असं नाही, जड जातंय.

माझ्या बहिणीचा मुलगा कन्नड माध्यमात आहे. आता आठवीत. आईला, म्हणजे त्याच्या आज्जीला, तो कन्नडमध्ये उत्तर देतो. आईला कळतंय सगळं, पण ती जे बोलते ते त्याला अर्धंच कळतंय. परवा तिनं त्याला म्हटलं "उंबऱ्यावर बसू नको", तर त्यानं उंबरा म्हणजे काय विचारलं. आई गप्पच झाली. एका पिढीत शब्द जातात हे मी डोळ्यानं बघतोय. शाळेत कन्नड आहेच, २०१५ च्या कायद्यानं कर्नाटकातल्या सगळ्या शाळांत कन्नड शिकवायचंच आहे, इंग्लिश पण आहे, मग घरातला तेवढा कोपरा मराठीला राहू दे ना. मोजणं पण मराठीतच होऊ दे, अवघड गेलं तरी.

माझी मुलगी पाचची आहे. तिच्याशी मी रोज एक काम करतो, घरातल्या एका वस्तूचं नाव. पण नुसतं नाव नाही, ती वस्तू वापरायची. खुंटी, फडताळ, उतरंड, चुंबळ. चुंबळ तिच्या डोक्यावर ठेवून बारकी कळशी दिली तर अंगणात तोल सांभाळत तीन फेऱ्या मारल्या. आता ती शब्द विसरणार नाही.

निवृत्त_गुरुजी

हिंडलगेकर, तुमची चिंता खोटी नाही, मी माझ्या घरात पण बघितलंय ते. पण तुमचा भाचा मराठी विसरला ते कन्नड शिकला म्हणून नाही असं मला वाटतंय, त्याच्याशी मराठीत बोलणारं, वाचणारं माणूस दिवसात कमी पडलं म्हणून. तुम्ही चुंबळीचं करताय ते लाखमोलाचं आहे, ते चालू ठेवा, फक्त गल्लीतल्या कन्नडची भीती तिच्या मनात जाऊ देऊ नका.

आणि एक, लिपीचं. देवनागरी आणि कन्नड, दिसायला वेगळ्या, पण क्रम एकच. अ आ इ ई, क ख ग घ, च छ ज झ, आणि ळ दोन्हीकडं आहे. कन्नडमध्ये ए आणि ओ चे आखूड-लांब असे दोन दोन प्रकार जास्त, एवढा फरक. ज्या मुलाचे मराठीतले आवाज पक्के त्याला कन्नड अक्षरं लवकर येतात, मी शेकडो पोरांत बघितलंय. म्हणून आधी आवाज, मग अक्षर. बसस्टँडवर उभं राहून "बे नं काय काय सुरू होतंय?" बेळगाव, बेंदूर, बेडूक. यात पाटी-पेन्सिल काही नको.

हिंडलगेकर

बघतो गुरुजी. मोजण्याचं मात्र मी मराठीतच ठेवणार.

अंगणवाडी_निपाणी

सगळ्यांचं वाचलं, छान वाटलं. मी निपाणीच्या बाजूला अंगणवाडीत आहे, आमच्याकडल्या आयांबद्दल सांगते.

आमच्याकडं निम्म्या आया विड्या वळतात. सकाळी सातला सूप मांडीवर येतं ते रात्रीपर्यंत. हजार विड्या झाल्या तर दिवस भरला. त्यांना मी कुठल्या तोंडानं सांगू पोराला घेऊन ॲक्टिव्हिटी करा म्हणून? हात रिकामे नाहीत. डोळे पण नाहीत. तोंड तेवढं रिकामं आहे. म्हणून मी फक्त तोंडाच्या गोष्टी सांगते.

हुमाणं घालायची. सुपभर लाह्या, त्यात एक रुपया. एवढंसं कार्टं, घर कसं राखतं. पोरं चांदणं, कुलूप ओरडतात नि मग आपण स्वतः तयार करायला लागतात. एका पाच वर्षांच्या पोरीनं आईला घातलं, "काळी आहे पण कोळसा नाही, चालते पण पाय नाहीत." आईला सुचेना. उत्तर होतं सावली. आई मला सांगताना रडत होती, काम करत करत लेकीनं असं काही बोलावं याचं तिला एवढं वाटलं.

दुसरं, मोजणी. पंचवीस विड्यांचा एक कट्टा बांधतात. पोरगं जवळ असतंच. पण एक हात जोडून सांगते, तंबाखूला, पानाला पोरांचा हात लावू देऊ नका, धूळ नाकात जाते आणि ओल्या हातानं धरलं तर त्यातलं निकोटिन कातडीतनं पण आत जातं. पोराला बाजूला चिंचोके द्या, आई कट्टा बांधेल तेव्हा त्यानं एक चिंचोका डब्यात टाकायचा. संध्याकाळी डब्यात किती ते दोघांनी मोजायचं. एका आईला यातनं कळलं की तिचे दोन कट्टे हिशोबात कमी धरले होते. तेव्हापासनं पोरगं तिचा कारकून झालाय.

चिंचोके, शेंगदाणे, बटणं हे तीन वर्षांच्या आतल्या पोरांच्या हातात बिलकुल नको, घशात अडकतात. अख्खे शेंगदाणे तर चार-पाच वर्षांपर्यंत नकोच.

आणि गुरुजींनी कानाचं सांगितलं त्यात भर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम अंगणवाडीत वर्षातनं दोनदा येते, कान, डोळे, बोलणं, वाढ सगळं बघतात, पैसे पडत नाहीत. ज्यांना शंका आहे त्यांनी आपल्या अंगणवाडीत विचारून तारीख घ्या.

वडगावची_आई

काय बोलू, एवढं सगळ्यांनी मन लावून लिहिलंत. ताई, तुमचं सावलीचं हुमाण आज सासूबाईंना घातलं, त्यांना पण आलं नाही.

बटणांचं लगेच सुरू केलं. एक विचारायचंय, लिहिण्याचं काय? शाळेत आत्तापासनं चार रेघी वहीत लिहायला लावतात. त्याचा हात दुखतो म्हणतो, आणि पेन्सिल मुठीत धरतो.

खानापूरची_आज्जी

हात दुखणारच, कोवळी बोटं आहेत. आमच्या वेळी आधी कणकेचा गोळा हातात द्यायचे. चिमटीत धरून ओढ, वळी कर, मुटका कर. शेंगा फोडायला बसव, दोन बोटांत दाबून. घेवडा निवडायला दे. रांगोळी चिमटीतनं सोडायला लाव, पहिल्यांदा भसकन पडेल, महिनाभरात रेघ येईल. कपडे वाळत घालताना चिमटे लावायचं काम त्याचं. वहीपेक्षा हे आधी.

निवृत्त_गुरुजी

आज्जींनी सगळं सांगितलं. एवढंच जोडतो, खांद्यापासनं बोटापर्यंत ताकद वरनं खाली येते, म्हणून झाडावर लोंबकळणं, पाण्याची बारकी बादली उचलणं हे पण लिहिण्याचीच तयारी. भिंतीवर ओल्या ब्रशनं किंवा कुंचल्यानं पाण्याची मोठी मोठी अक्षरं काढू द्या, उन्हात वाळून जातात, परत काढायची. वर्गातली वही थांबवता येणार नाही, पण घरी अजून एक वही देऊ नका.

उद्यमबाग_शिफ्ट

मी फाउंड्रीत आहे. बाबा लोकांचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझ्याकडं दिवसात अर्धा तास असतोय, पोराला गाडीवरनं फिरवून आणायचा. टिळकवाडीत रेल्वे गेटला थांबावं लागतंच, तिथं आमची शाळा.

मालगाडी आली की डबे मोजतो. मुलगा साडेपाचचा, वीसनंतर गोंधळायचा नि चिडायचा. मग एक युक्ती केली. दहा डबे झाले की मी एक बोट वर करतो, तो परत एक पासनं सुरू करतो. गाडी गेल्यावर बोटं बघायची, चार बोटं नि वर सहा. म्हणजे किती? पहिल्यांदा त्यानं दहा-दहा करत मोजलं, आता चार बोटं बघून चाळीस म्हणतो. परवा इंजिनपण मोजायचं की नाही यावर आमचं दोघांचं भांडण झालं. तो म्हणाला डबा नाही ते, ओढतंय ते. मला पटलं.

मोबाईलचं पण विचारतो इथंच. घरी गेलो की मी दमलेला, बायको कामात, पोराच्या हातात मोबाईल जातो. किती चालतंय?

अंगणवाडी_निपाणी

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलंय, दोन वर्षांच्या आत अजिबात नको, दोन ते चार वर्षांत दिवसाला एक तासाच्या आत, जेवढा कमी तेवढा बरा. पण दादा, तुम्ही गेटला जे करता ते वाचून मी सांगते, तुमच्या अर्ध्या तासाला तोड नाही. घरी आल्यावर त्याला तुमच्या डब्यातली भांडी धुवायला पुसायला द्या, झाकण कुठल्या डब्याचं ते शोधू द्या. तुम्ही शेजारी पडून राहिलात तरी चालतंय, फक्त तोंडानं हूं हूं करा.

माग_आमचा

दिवाळी जवळ आलीय, किल्ल्याचं कुणी बोललं नाही अजून! आमच्या गल्लीत मोठी पोरंच करतात नि बारक्यांना हाकलतात. यंदा मी बारक्यांचा वेगळा करणार. आधी येळ्ळूरला राजहंसगडावर नेऊन आणायचं, तट कसा, दरवाजा कसा वळणात लपवलाय, विहीर कुठं. मग घरी येऊन जे आठवतंय ते मातीत. माझं काही सांगायचं नाही. आणि किल्ल्यावर मोहरी टाकायची, रोज सकाळी काडीवर खूण करून किती वाढली बघायचं. वहिनी, तुमच्या मुलाला पाठवा, गल्ली तीच आहे आपली.

वडगावची_आई

तीन आठवड्यांनी लिहितेय, सणाच्या शिलाईचं काम होतं.

किल्ला झाला. त्याला दरवाजा वळणातच पाहिजे होता आणि तो कोसळत होता, चार वेळा बांधला. शेवटी सासूबाईंनी नारळाची करवंटी आत घालायला दिली.

बाजारात आता तोच पैसे देतो. भाजीवाल्या आक्का कन्नड बोलतात. कोथिंबिरीची पेंडी हातात घेऊन त्यानं विचारलं "एष्टु?", हे तो समोरच्या घरी शिकलाय, मला माहीतच नव्हतं. त्या म्हणाल्या "हत्तु रुपाय". त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, पर्समधनं पाचची दोन नाणी काढली, एक ठेवलं, थांबला, दुसरं ठेवलं. आक्कांनी मिरच्या दोन जास्त टाकल्या तर त्या पण मोजल्या.

शाळेत परत गेले होते. टीचरना सगळं सांगितलं, भांडले नाही गुरुजी. म्हटलं घरात मराठी बंद होणार नाही, पण तुम्ही जे शब्द शिकवणार ते मला आधी सांगा, मी त्या वस्तू त्याच्या डब्यात नाहीतर खिशात देईन. त्यांना थोडं अवघडल्यासारखं झालं, पण हो म्हणाल्या. परवा बटणं दिली होती. वर्गात त्यानं एकटं काही सांगितलं नाही अजून, पण शेजारच्या मुलीला बटणं दाखवून "टू होल, फोर होल" म्हणाला असं टीचरनी सांगितलं, आणि एकदा विसरून "भोक" म्हणाला. टीचर हसल्या नाहीत, भोक म्हणजे होल असं सगळ्या वर्गाला सांगितलं त्यांनी. मला ते लई बरं वाटलं.

आज्जी, तुम्हाला विचारायचंय, ते चिपटं-मापटं आता मिळतं काय कुठं? बाजारात दोन दुकानात विचारलं, प्लॅस्टिकचे मग दाखवले.

खानापूरची_आज्जी

मिळत नाही गं आता, आणि मिळालं तर शोपीस म्हणून पॉलिश करून ठेवलेलं, माप बरोबर असेल की नाही कोण जाणे. माझ्याकडं कोळवी दोन आहेत, एक चिपटं पण जास्तीचं आहे. नातीला सोडायला पुढच्या आठवड्यात बेळगावला येणार आहे तेव्हा घेऊन येते. कोळव्याचा तळ एका बाजूला जरा उचकटलाय, त्यातनं तांदूळ गळतात, तेव्हा त्याच्यात वाटाणे नाहीतर हरभरेच मापा. आणि त्याला सांग, आज्जीनं विचारलंय, चिपट्यात कोळवी किती? ओतायच्या आधी काय म्हणतो ते मला लिहून कळव.